खेळणाऱ्याची कंबर

आपल्या नाशिक जिल्ह्यात खेळाची हौस मोठी. यात्रा आली की कुस्त्यांचा फड भरतो. कबड्डीचे सामने होतात. सुगी संपली की मोकळ्या रानात क्रिकेट सुरू होते. अलीकडे चाळिशीची माणसेही पहाटे सडकेने पळताना दिसतात. हे चांगलेच आहे. पण सामना झाला की दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे तरी कंबर धरून बसतात. कुणी म्हणतो उसण भरली, कुणी म्हणतो लचक आली. हाताला काम असलेल्या माणसाने असे आठ दिवस बसून काढले तर कांदा कुणी काढायचा? म्हणून हे दुखणे समजून घेऊ.

पाठीच्या खालच्या भागात पाच मोठे मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. तिच्यामुळे आपल्याला वाकता येते, वळता येते. आता तंबूचा खांब आठवा. तो नुसता उभा राहत नाही. त्याला चारी बाजूंनी दोर ताणून बांधावे लागतात. पाठीचा कणा हा खांब आहे. पोटाचे, पाठीचे आणि ढुंगणाचे स्नायू हे त्याचे दोर आहेत. दोर ढिले पडले की सगळा ताण खांबावर येतो.

आम्हाला पुष्कळ जण विचारतात, "गुरुजी, मी दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलतो. मला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण कामात तेच ते स्नायू राबतात, आणि संध्याकाळी ते थकलेले असतात. कांदा लावताना माणूस तासन्‌तास ओणवा असतो. कबड्डीत मात्र एकदम गिरकी घ्यावी लागते, झेप घ्यावी लागते. त्याची सवय अंगाला नसते. वर्षभर मातीला पाय लावायचा नाही आणि यात्रेच्या दिवशी एकदम फडात उतरायचे, अशाने कंबर दुखावते. सामन्याच्या आधी महिना-दीड महिना थोडे थोडे खेळावे. खेळ रोज थोडा थोडा वाढवावा. मैदानात उतरण्याआधी दहा मिनिटे चालून, हलके पळून अंग गरम करावे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी. नाव वल्हवायला तो शिकला सैन्यात गेल्यावर. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याने नाव वल्हवली आणि तेरावा क्रमांक मिळवला. २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या नावेत त्याला सुवर्णपदक मिळाले. पाहणाऱ्याला वाटते, वल्हे हातांनी ओढतात. तसे नाही. त्या नावेतली बैठक मागे-पुढे सरकते. खेळाडू आधी पायांनी जोर लावतो, मग पाठ मागे नेतो, आणि शेवटी हात ओढतो. मोठा जोर मांड्यांचा असतो.

गोणी उचलताना हेच करा. गोणी अंगाजवळ घ्या. गुडघे मोडा. उठताना जोर पायांचा लावा. उचलता उचलता कंबरेत पिळा घेऊ नका. वळायचे असेल तर पाय वळवा.

बैठका मांड्यांना बळ देतात. आणखी एक सोपा व्यायाम सांगतो. पाठीवर निजा. गुडघे मोडून तळपाय जमिनीवर टेका. आता ढुंगण हळूहळू वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. दहा वेळा करा. खर्च काही नाही.

एवढे करूनही कंबर धरलीच तर काय करावे? पूर्वी डॉक्टरही निजून राहायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. फार कळ असेल तर एक-दोन दिवस अधूनमधून आडवे व्हावे. पण अंथरूण धरू नये. घरात, अंगणात चालावे. शेक घ्यावा. जमेल ते हलके काम करावे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. दुकानातून गोळ्या आणून त्या महिनामहिना खाऊ नयेत. पोट बिघडते, मूत्रपिंडालाही धोका असतो.

आणि ती लाथ! जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. त्याने पाठीत लाथ मारली की उसण जाते, असे आपल्याकडे मानतात. चार दिवसांत दुखणे आपोआप कमी होणारच असते, आणि नाव होते पायाळूचे. पण मणका आधीच दुखावला असेल तर ती लाथ महागात पडेल. बिब्बा घालणे, डाग देणे हेही तसेच. कातडी भाजते, कंबर आहे तशीच राहते.

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. लंगोटाच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतले बळ गेले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. तिथे उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, रात्री कंबर ठणकते, असे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्यावर औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते.

बरे वाटल्यावर काय करावे? ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर एक पाहणी झाली. ती २०२४ साली छापून आली. कंबर बरी झाल्यावर काहींना हळूहळू चालणे वाढवायला सांगितले. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, इथवर जायचे होते. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला साधारण २०८ दिवस लागले, आणि इतरांची ११२ दिवसांतच दुखली. तेव्हा आधी चाला, मग पळा, मग सामना.

मुलांचे थोडे वेगळे आहे. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा रोज जोरात गोलंदाजी करतो आणि पाठ मागे वाकवली की त्याची कंबर दुखते, असे असेल तर मणक्याला बारीक चीर गेलेली असू शकते. ती चोळून, शेकून बरी होत नाही. त्याची गोलंदाजी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा. जसप्रीत बुमराहला २०१९ साली अशीच चीर गेली होती. २०२२ मध्ये पाठीने पुन्हा त्रास दिला आणि त्याचा विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा मैदानात आला, तोवर त्याने चेंडू टाकण्याची घाई केली नाही.