निफाडच्या हवेत लेझर

डिसेंबरच्या पहाटे निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्ष बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. गोदाकाठचं धुकं आणि शेकोट्यांचा धूर एकमेकांत मिसळतो आणि चार ओळींपलीकडचा मांडव दिसेनासा होतो. याच तालुक्यातल्या ओझरला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. अशा पहाटे तिकडे ड्रोन आला, तर लेझर त्याला जाळू शकेल का?

लेझरची ताकद पाहायची तर नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या पत्रा कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये जावं. फायबर लेझरचं नोझल पत्र्यापासून जेमतेम मिलिमीटरभर वर फिरतं. काही किलोवॅटचा किरण पोलाद वितळवतो आणि नायट्रोजनचा किंवा ऑक्सिजनचा झोत तो रस खाली उडवून लावतो. किरण डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या पत्र्याखालून सांडणाऱ्या ठिणग्या. शेजारी चिलर अखंड घुमत असतो, कारण घेतलेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्साच प्रकाश होतो. बाकी सगळी उष्णता.

शस्त्रात नेमकं हे सगळंच अवघड होऊन बसतं. 13 एप्रिल 2025 रोजी डीआरडीओच्या हैदराबादच्या ‘चेस’ प्रयोगशाळेने कर्नूलला 30 किलोवॅट वर्गाच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवले. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. लक्ष्य किलोमीटरभर लांब, तेही हलतं, आणि वितळलेलं उडवायला गॅसचा झोत नाही. एक मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण 30 सेंटीमीटरच्या आरशातून सोडला, तर पाच किलोमीटरवर त्याचा ठिपका आदर्श हवेतही सुमारे चार सेंटीमीटरचा होतो. तो एकाच जागी रोखून धरावा लागतो. त्यात वाटेतली हवा किरणाने तापते आणि त्यालाच फाकवते. धुकं, धूळ, पाऊस तर किरण गिळूनच टाकतात. 30 किलोवॅटच्या किरणामागे जवळपास 60 किलोवॅट उष्णता बाहेर काढायची, तीही ट्रकवर.

नुसती ताकद वाढवून हे सुटत नाही. अमेरिकेने बोईंग 747 मध्ये मेगावॅट वर्गाचा रासायनिक लेझर बसवला. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याने चाचणीत क्षेपणास्त्रही पाडलं. तरी पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळावा लागला. उपयोगी पल्ला गाठायला विमानाला शत्रूच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागल्या असत्या.

मग यावर खर्च का करायचा? कारण स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडणं परवडत नाही. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरचा एक मारा दहा पौंडांहून कमी पडतो, असं तिथलं संरक्षण खातं सांगतं. जवळच्या, लहान, प्लास्टिक-फायबरच्या ड्रोनसाठी, निरभ्र हवेत, लेझर उत्तम. धुक्याच्या पहाटे मात्र तोफ आणि क्षेपणास्त्र हाताशी हवंच. 23 ऑगस्ट 2025 ला ओडिशाच्या किनाऱ्यावर भारताने एकात्मिक हवाई संरक्षण शस्त्रप्रणालीची पहिली चाचणी घेतली, तेव्हाही लेझर एकटा नव्हता. सोबत दोन प्रकारची क्षेपणास्त्रं होती.