वैद्याचें कर्तव्य आणि देशाभिमान

रणांगणाच्या मागें एका तंबूंत शस्त्रवैद्य उभा आहे, अशी कल्पना करा. त्याच्यापुढें दोन जखमी आणून ठेवले आहेत. एक आपल्याच पलटणींतला. त्याच्या दंडांत गोळी शिरली आहे, पण जिवाला धोका नाहीं. दुसरा शत्रूचा शिपाई. त्याच्या मांडींतील रक्तवाहिनी तुटली असून थोडा उशीर झाला तर तो हातचा जाईल. वैद्यानें आधीं कोणाकडे वळावें? देशाभिमान एक सांगतो, वैद्यकधर्म दुसरें. श्रोतेहो, या पेंचाचा आज आपण थोडा विचार करूं.

नेपोलियनच्या सैन्यांतील विख्यात शस्त्रवैद्य दोमिनिक लारे यानें या प्रश्नाचें उत्तर कृतीनें देऊन ठेवलें. त्याच्या काळापर्यंत जखमी शिपाई बहुधा लढाई संपेपर्यंत जागच्या जागीं पडून राहत. लारेनें १७९२ च्या सुमारास हलक्या, वेगवान घोडागाड्यांची पथकें उभारलीं, आणि उपचारांचा क्रम हुद्दा अगर राष्ट्र पाहून न लावतां जखमेचें गांभीर्य पाहून लावण्याचा दंडक घातला. पुढें १८१५ मध्यें वॉटर्लूच्या लढाईनंतर तोच प्रशियन सैन्याच्या हातीं सांपडला. त्याला गोळी घालण्याची तयारी चालली असतां एका प्रशियन वैद्यानें त्याला ओळखलें आणि त्याचे प्राण वांचले. प्रशियन सेनापति ब्ल्यूखर याच्या मुलावर लारेनें पूर्वीं उपचार केले होते, असें सांगतात.

एका माणसाच्या सद्भावनेवर जें अवलंबून होतें, त्याला कायद्याचें रूप आलें तें सोल्फेरिनोनंतर. २४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत झालेल्या या लढाईनंतर हजारों जखमी जवळच्या गांवांतून निराधार पडले होते. कामानिमित्त तिकडे गेलेला जिनीव्हाचा आंरी द्यूनां गांवच्या बायकांना हाताशीं धरून शुश्रूषेला लागला, आणि त्यांनीं फ्रेंच व ऑस्ट्रियन असा भेद केला नाहीं. त्यांतूनच रेड क्रॉसची चळवळ निघाली व २२ ऑगस्ट १८६४ रोजीं बारा राष्ट्रांनीं जिनीव्हाच्या करारावर सह्या केल्या. जखमी कोणत्याहि राष्ट्राचा असो, त्याला उचलून त्याची शुश्रूषा केली पाहिजे, असें त्यांत ठरलें. १९४९ च्या करारानें तर स्पष्टच सांगितलें कीं, उपचारांत कोणाला अग्रक्रम द्यावयाचा तो केवळ वैद्यकीय निकडीवरूनच.

पण येथें एक सरळ आक्षेप निघतो. बरा झालेला शत्रु उद्यां पुन्हां बंदूक घेऊन आपल्याच मुलांवर उठला तर? हा आक्षेप पोकळ नाहीं. मात्र हातीं आलेला जखमी शत्रु उपचारानंतर मोकळा सुटत नाहीं. तो युद्धकैदी होतो. त्यानें पुन्हां शस्त्र धरूं नये हें पाहणें पहारेकऱ्याचें काम आहे, वैद्याचें नव्हे. शिवाय वैद्यकीय पथक लढाईंत भाग घेत नाहीं, या विश्वासावरच त्याच्या तंबूला संरक्षण मिळतें. त्या तंबूंत वैरभाव शिरला तर पलीकडच्या तोफांनीं तो कां वगळावा? आणि आपलाहि एखादा मुलगा पलीकडच्या तंबूंत असतोच.

वैद्यक देशाभिमानाला सर्वस्वीं शरण गेलें म्हणजे काय होतें, हें १९४६-४७ मध्यें न्यूरेंबर्गच्या खटल्यांत जगानें पाहिलें. तेवीस आरोपींपैकीं वीस वैद्य होते. बंदिवानांना बर्फगार पाण्यांत बुडविण्यासारखे प्रयोग त्यांच्यापैकीं कांहींनीं केले होते, आणि समर्थन काय, तर युद्धाची गरज! सोळा जण दोषी ठरले.

मग वैद्यानें देशप्रेम सोडावें काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें चरित्र पाहा. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनें १९३८ मध्यें पांच डॉक्टर पाठविले, त्यांत ते होते. वडील वारल्याची वार्ता आली तरी ते परतले नाहींत. जपानी कैद्यांच्याहि जखमा बांधणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. तेव्हां आपला देश स्वतःच पारतंत्र्यांत होता. तरी परक्यांची सेवा करणाऱ्या या माणसानें स्वदेशाकडे पाठ फिरविली, असें कोण म्हणेल?

आतां पुन्हां त्या तंबूंत जाऊं. वैद्य आधीं शत्रूच्या मांडीचा रक्तस्राव थांबवितो. तोंवर आपला शिपाई विव्हळत पडलेला असतो, आणि तें विव्हळणें वैद्याला ऐकूं येत नाहीं असें नाहीं. ही यातना त्याला चुकत नाहीं. घरीं सुखरूप बसून वर्तमानपत्रें वाचणाऱ्या आपण निदान एवढें करावें: अशा वैद्याला देशद्रोही म्हणण्याची घाई करूं नये.