बैठकीतले पाणियारे

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत बडोद्यातील मराठी घरांतून हळदीकुंकवाची निमंत्रणे फिरू लागतात. त्या दिवसांत येथील पारा चाळीस अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही वर असतो. उन्हातून आलेल्या बायकांच्या हाती गार पन्हे आले, की त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती उमटते ती पाहणे, हा खरे म्हणजे यजमानीणबाईंचा आनंद. परंतु तो त्यांच्या वाट्यास क्वचितच येतो. कारण नेमक्या त्याच वेळी त्या बहुधा स्वयंपाकघरात असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या आईकडे तिची एक बालमैत्रीण ग्वाल्हेरहून आली होती. दोघी एकाच आळीत वाढलेल्या. लग्नानंतर एकीच्या वाट्यास बडोदे आले, दुसरीच्या वाट्यास ग्वाल्हेर. भेट मोजून तासाभराची होती. संध्याकाळच्या गाडीचे तिकीट काढलेले होते. आई प्रथम पाणी आणावयास उठली. मग पन्हे आणावयास, मग बर्फ राहिला म्हणून पुन्हा, मग चहा टाकावयास, तो उतू जाऊ नये म्हणून तेथेच उभी राहावयास, आणि शेवटी कपबशा उचलावयास. जिना उतरताना मैत्रीण हसत म्हणाली, “अगं, तुझ्या हातचं सगळं प्यायले, पण तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं.” पुढे त्या दोघींची भेट झाली नाही.

त्या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आईच्या अगत्यात उणे काहीच नव्हते. उणे होते ते घराच्या मांडणीत. जुन्या वाड्यात पुरुषमंडळी ओटीवर बसत आणि बायका माजघरात. माजघरापासून चूल दोन पावलांवर आणि घडवंचीवरचा हंडा हाताशी. त्यामुळे घरची बाई उंबऱ्यापाशी बसून काम करता करता गोष्टीही करीत असे. पुढे आपण सदनिकांत आणि बंगल्यांत राहावयास गेलो. सर्व पाहुणे, बायका आणि पुरुष, एकाच दिवाणखान्यात बसू लागले. हा बदल चांगलाच झाला. पण पाणी मात्र मागे स्वयंपाकघरातच राहिले. बैठक आणि पाणी यांच्यांतील ते अंतर गृहिणीने आपल्या पायांनी भरून काढावे, असे आपण न बोलता ठरवून टाकले.

आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या जुन्या घरांत पाण्याच्या माठांसाठी एक स्वतंत्र, मानाची जागा असते. तिला ते ‘पाणियारूं’ म्हणतात. तेथे माठ, त्यावर स्वच्छ झाकण, शेजारी लांब दांड्याचे ओगराळे आणि ओळीने पालथे ठेवलेले पेले असतात. कित्येक घरांत सायंकाळी तेथे दिवाही लावतात. हे पाणियारे लहान रूपात दिवाणखान्यात, बैठकीच्या जवळ आणावे, एवढेच आमचे सांगणे आहे. पेयांची जागा म्हटले की चित्रपटांतील मद्याच्या बाटल्यांचे कपाट कोणाच्या डोळ्यांपुढे येईल. पण १९६० साली गुजरात राज्य स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदीचा कायदा आहे, आणि आपल्या घरची पेये म्हणजे पाणी, पन्हे, कोकमाचे किंवा बडीशेपेचे सरबत, ताक, चहा आणि कोजागरीचे मसाल्याचे दूध, हीच होत.

प्रथम जागेचा विचार करू. स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीकडे येताना जी भिंत लागते, तिच्या कडेस, कोचाच्या शेवटच्या टोकाजवळ ही जागा असावी. बसलेल्या माणसास तीन-चार पावलांत तेथे पोहोचता यावे आणि तेथे उभ्या असलेल्या माणसास बैठकीतले बोलणे ऐकू यावे, ही तिची खरी कसोटी. येण्याजाण्याच्या वाटेवर ती नको. मेजापुढे किमान तीन फूट मोकळी जागा राहिली, तर एक जण पेला भरीत असतानाही दुसऱ्यास मागून जाता येते. बडोद्यातील बऱ्याच घरांच्या दिवाणखान्यात झोपाळा असतो. तो पूर्ण झोका घेऊन कोठवर येतो हे पाहूनच मेज ठेवावे. एका मुलाने जोराचा झोका घेतला आणि पन्ह्याचे भांडे आडवे झाले, असा प्रसंग आम्ही पाहिलेला आहे.

मेज नवे घेण्याची गरज नाही. अडीच ते तीन फूट उंच, सुमारे तीन फूट लांब आणि सव्वा ते दीड फूट रुंद असे कोणतेही भक्कम लाकडी सामान चालते. बसक्या कपाटाचा माथा, अडगळीत पडलेले लिहिण्याचे मेज, इतकेच काय, शिवणयंत्राचे जुने मेजसुद्धा उपयोगी पडते. उंची याहून कमी असली तर ओतणाऱ्यास वाकावे लागते. अधिक असली तर ठेंगण्या माणसास भांड्यातले दिसत नाही.

पेला भरून घेतल्यावर तो ठेवावा कोठे, हा प्रश्न पुष्कळ घरांत सुटलेलाच नसतो. मधोमध एक मोठे मेज असते आणि कडेच्या खुर्चीतले आजोबा चहाचा कप गुडघ्यावर सांभाळीत बसतात. मधले मेज कोचापासून दीड फुटाहून दूर नसावे. आणि कडेच्या प्रत्येक आसनाजवळ, खुर्चीच्या हाताइतक्या उंचीची एकेक लहान तिपाई असावी. एकात एक बसणाऱ्या तिपायांचा संच यासाठी फार सोयीचा. पाहुणे गेले की तो एकाच तिपाईची जागा घेतो.

आता माठ. त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते, बाहेरच्या वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती होताना आतील उष्णता घेऊन जाते; म्हणून पाणी गार राहते. यावरून दोन गोष्टी निघतात. माठ भिंतीला चिकटवून कोंदट कोपऱ्यात ठेवू नये, त्यास चोहोंकडून वारा लागू द्यावा. आणि पावसाळ्यात, हवाच दमट असताना, तो उन्हाळ्याइतके गार पाणी देईल अशी अपेक्षा करू नये. लाकडी मेजावर तो उघडा ठेवला तर ओल धरते. खाली परात आणि तिवई हवी. तोटी लावलेला माठ घेतल्यास आत हात किंवा पेला बुडविण्याचा प्रश्नच उरत नाही.

पन्हे, कोकम आणि लिंबाचे सरबत ही आंबट पेये आहेत. तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ती मुळीच ठेवू नयेत, कारण आंबटाने तांबे पेयात उतरते. ती भांडी मेजावर कितीही शोभून दिसोत, ती पाण्यापुरतीच ठेवावीत. आंबट पेयांसाठी काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील उत्तम. पंचवीस बायकांचे हळदीकुंकू असेल, तर प्रत्येकी दीडशे मिलिलिटर धरून पावणेचार लिटर पन्हे लागते. काही जणी दुसऱ्यांदा घेतील असे समजून पाच लिटर करावे. कैरीचा गूळ किंवा साखर, वेलची आणि केशर घातलेला घट्ट गर एक लिटर आदल्या दिवशीच करून शीतकपाटात ठेवला, की आयत्या वेळी चार लिटर गार पाणी मिळविण्याचेच काम उरते. बर्फ वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांचा घसा नाजूक, त्यांना तो टाळता येतो. ताक, पीयूष किंवा दूध यांना मात्र बाहेर मुक्काम नको. दोन तासांहून अधिक, आणि भर उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, ती उघड्यावर राहू देऊ नयेत.

चहा आत करून थर्मासमध्ये भरून आणावा आणि साखर वेगळी ठेवावी. मधुमेही मंडळींना आपला आजार सर्वांदेखत सांगावा लागत नाही. विजेची किटली ठेवणार असाल तर तिची शक्ती पाहून घ्या. दीड हजार वॉटची किटली साडेसहा अँपिअर वीज ओढते. ती दिव्या-पंख्यासाठी असलेल्या सहा अँपिअरच्या सॉकेटला न लावता सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावावी. तिची तार मेजावरून खाली लोंबू देऊ नये. रांगणारे मूल ती ओढते, आणि मग उकळत्या पाण्यास दया नसते.

सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत विसरली जाणारी, वस्तू म्हणजे उष्ट्या भांड्यांचे तबक. ते स्वच्छ पेल्यांच्या शेजारी नको. मेजाच्या खालच्या फळीवर किंवा बाजूच्या तिपाईवर असावे, आणि त्याजवळ एक कोरडे फडके. रिकामा कप घेऊन अवघडलेला पाहुणा तो ठेवण्यास जागा शोधीत असतो, आणि त्याची ती नजर पाहूनच गृहिणी गप्पांतून उठते. तबक दिसले की पाहुणा आपण होऊन कप तेथे ठेवतो.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पाहुण्यास आपल्या हाताने पेला भरून घ्यावयास लावणे, हे आतिथ्य कसले? उन्हातून आलेल्यास गूळपाणी हातात देण्याची आपली रीत आहे. ती आम्हांसही प्रिय आहे, आणि ती मोडावी असे आमचे म्हणणे नाही. पहिला पेला यजमानांनी हातातच द्यावा, आग्रहही करावा. प्रश्न दुसऱ्या पेल्याचा आहे. आणि तो पेला गृहिणीनेच भरला पाहिजे असेही नाही. सर्व काही डोळ्यांसमोर असले, की घरचे यजमान भरतात, दहा-बारा वर्षांची मुले हौसेने भरतात. स्वयंपाकघरात कोणता डबा कोठे आहे हे ठाऊक नसल्याची सबब तेथे चालत नाही.

आमच्या घरी असा कोपरा झाला, त्यानंतरच्या पहिल्या चैत्रात हळदीकुंकवाच्या दिवशी आई सवयीने तीनदा उठली. तिन्ही वेळा आणावयाचे काहीच उरले नव्हते. चौथ्या वेळी ती उठली नाही. शेजारच्या काकूंना कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “पन्हं तिथे आहे, आणखी घ्या, आणि येऊन इथे माझ्याजवळ बसा.” त्या दुपारी ती सर्वांबरोबर दिवे लागेपर्यंत बोलत बसली होती. पन्ह्याचा पेला तिच्याही हातात होता.