परदेशातून दत्तक : संस्था कशी पारखाल?
अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी दांपत्याला भारतातून मूल दत्तक घ्यायचे असेल, तर थेट एखाद्या बालगृहाशी संधान बांधता येत नाही. नोंदणी होते ती ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या, त्या देशातल्या संस्थेमार्फत. अशी संस्था नसेल तर तिथली सरकारी यंत्रणा किंवा भारतीय दूतावास. नाव काराच्या यादीत स्वतः तपासा, चकचकीत माहितीपत्रकावर विसंबू नका.

खरी कसोटी पैशांची. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३च्या हेग करारानुसार (भारताने तो २००३मध्ये मंजूर केला) प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क यांपलीकडे कोणालाही काही घेता येत नाही. म्हणून खर्चाचा तपशील लेखी मागा, प्रत्येक पावती जपून ठेवा. ‘देणगी दिलीत तर रांगेत पुढे’ किंवा ‘सहा महिन्यांत तान्हे बाळ नक्की’ असे सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. प्रतीक्षायादीतला क्रम ओळखीपाळखीने बदलत नसतो.

मूल घरी आल्यावरही दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात. ते कोण करणार, हे आधीच विचारा. आणि पैसे घेऊन मूल देऊ करणारा कोणी भेटलाच, तर लक्षात ठेवा : मुलाच्या खरेदी-विक्रीला बाल न्याय कायदा, २०१५नुसार पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.