करदात्याची सही, सल्लागाराचा हात

आयकर विवरणपत्रावर सही कोणाची चालते, हे १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १४० सांगत आले. व्यक्तीचे विवरणपत्र तिने स्वतः, एकत्र कुटुंबाचे कर्त्याने, पेढीचे व्यवस्थापकीय भागीदाराने, कंपनीचे व्यवस्थापकीय संचालकाने. करदाता परदेशात असेल किंवा अन्य कारणाने हजर राहू शकत नसेल, तर मुखत्याराने. आणि ते मुखत्यारपत्र विवरणपत्रासोबत जोडायचे. सनदी लेखापाल किंवा करवकील कलम २८८ खाली क्लायंटच्या वतीने अधिकाऱ्यापुढे उभा राहू शकतो, पण तेवढ्या नात्याने त्याला विवरणपत्रावर सही करता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा या जुन्या कायद्याची जागा घेतो. साठ-पासष्ट वर्षांत ही सही कुठून कुठे गेली, हे म्हणूनच पाहण्याजोगे आहे.

पहिली चाळीस-बेचाळीस वर्षे फारसे काही घडले नाही. फॉर्म भरायचा, खाली सही किंवा अंगठा, आयकर कार्यालयाच्या खिडकीवर द्यायचा, पोच घ्यायची. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली आणि २००६ मध्ये कंपन्यांना ऑनलाइन विवरणपत्र सक्तीचे झाले. सामान्य माणसाला या बदलाची झळ लागली ती २००९ मध्ये, बेंगळुरूचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झाल्यावर.

त्यानंतरची सहा-सात वर्षे आयटीआर-व्ही नावाच्या एका पानाची होती. विवरणपत्र संगणकावरून जायचे. मग हे पान छापून, त्यावर शाईने सही करून बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवायचे. झाशीसारख्या गावात याचा अर्थ काय होता, हे नियम करणाऱ्यांनी पाहिले नाही. रेल्वेचा वर्कशॉप आणि खैलारचा भेल कारखाना यांमुळे हे पगारदारांचे आणि पेन्शनरांचे शहर. नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांतच. अशा घरांतली मुले पुण्या-बेंगळुरूला नोकरीला आणि आईवडील झाशीत, हे चित्र नेहमीचे. सुरुवातीला पान फक्त साध्या टपालानेच घेतले जाई. रजिस्टर चालत नसे, कुरिअरही नाही. म्हणजे पाठवल्याचा पुरावा करदात्याच्या हाती काहीच नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापू नका, बारकोड पुसट नको, सहीची झेरॉक्स नको, अशा सूचनांची यादी मात्र लांबलचक. पान पोचले नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाई आणि परतावा अडकून पडे. मुदत पुढे १२० दिवसांपर्यंत वाढवली, स्पीड पोस्टही चालू लागले. पण टपालातल्या गहाळपणाची शिक्षा करदात्याने का भोगायची, याचे उत्तर कधीच मिळाले नाही. २०१५-१६ ते २०१९-२० या आकारणी वर्षांची पडताळणीविना राहिलेली विवरणपत्रे निकाली काढायला जुलै २०२० मध्ये खास सवलत द्यावी लागली, यावरूनच दुखणे किती जुनाट झाले होते ते कळते.

तरीही त्या पानाची एक गोष्ट मोलाची होती. एकूण उत्पन्न, वजावटी, कर, परतावा हे आकडे त्यावर एका नजरेत दिसत. सल्लागाराला ते क्लायंटपुढे ठेवावेच लागे. सही करण्यापूर्वी एखादे आजोबा चष्मा लावून विचारत, ‘ही वजावट कसली? मी तर विमा काढलेलाच नाही.’ हा प्रश्न विचारायला जागा होती, आणि तिथेच खोटा दावा अडत असे.

ऑडिट लागू असलेल्या व्यापाऱ्यांना २०११ पासून डिजिटल सही सक्तीची झाली, तिथे ही जागा आधीच नाहीशी झाली होती. आपल्या सहीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सहीधारकाचे कर्तव्य मानते. प्रत्यक्षात ही किल्ली साठवलेला डोंगल सल्लागाराच्या कपाटात आणि पिन त्यावरच्या चिठ्ठीवर, ही गावोगावची रीत झाली. व्यापाऱ्याला त्यात सोय वाटली आणि सल्लागाराला वेळ वाचल्यासारखे. कोरा सहीचा कागद कोणी असा कोणाकडे ठेवला नसता.

२०१४ मध्ये कलम १४० मधली ‘सही’ वगळली गेली, उरली ती ‘पडताळणी’. जुलै २०१५ मध्ये आधारचा ओटीपी आणि नेटबँकिंगचा कोड आला. टपालाचा जाच संपला, ही सुधारणा खरीच. पण ओटीपी सहा अंकांचा. त्याबरोबर उत्पन्नाचा आकडा येत नाही, परताव्याचाही नाही. सल्लागाराच्या फोनवर ‘आलेला नंबर सांगा’ एवढे ऐकून आई नंबर सांगते किंवा पुण्याचा मुलगा पाठवून देतो. काय भरले गेले, ते दोघांनीही पाहिलेले नसते. ज्यांच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, त्यांना टपालाचा मार्ग आजही उघडा आहे. मात्र ऑगस्ट २०२२ पासून मुदत ३० दिवसांवर आली, आणि २०२४ च्या अधिसूचनेने पान पाठवल्याची नव्हे तर बेंगळुरूला पोचल्याची तारीख धरायला सुरुवात केली. सर्वांत कमी साधने असलेल्यावरच सर्वांत जास्त जोखीम टाकणारा हा नियम अन्याय्य आहे.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी केली. काही विवरणपत्र भरणारे केवळ घाऊक विवरणपत्रांसाठी तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा न वाचताच पडून राहतात, असे खात्यानेच तेव्हा सांगितले. नोटीस निघते ती करदात्याच्या नावावर, कारण कायद्याच्या दृष्टीने पडताळणी त्याने केलेली असते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड कपटाने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण ओटीपी ज्याने स्वतःहून सांगितला, त्याला आपण फसवले गेलो हे सिद्ध करणे अवघड.

अमेरिकेत यासाठी फॉर्म ८८७९ आहे. ऑनलाइन विवरणपत्र पाठवण्यापूर्वी सल्लागार विवरणपत्र करदात्याला दाखवतो. मुख्य आकडे लिहिलेल्या या फॉर्मवर करदाता सही करून संमती देतो. फॉर्म तिथल्या कर खात्याकडे जात नाही. सल्लागाराने तो तीन वर्षे जपायचा आणि मागितल्यास दाखवायचा. २०१४ पासून त्यावर इलेक्ट्रॉनिक सहीही चालते, म्हणजे सोय आणि पुरावा दोन्ही साधले. भारतात क्लायंटच्याच लॉगिनमधून काम करणाऱ्या सल्लागारावर असे संमतीपत्र जपण्याचे बंधन नाही. नव्या कायद्याखालच्या नियमांत एवढी एक तरतूद घालायला नवे पोर्टल लागत नाही: आकड्यांचे एक पान, त्यावर क्लायंटची सही आणि ते सांभाळण्याची सल्लागाराची जबाबदारी.