गोल जॉब फोटोत अंडाकृती का दिसतो?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून ग्राहकाला कास्टिंगचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो. मोबाइल तिरका धरला, की गोल फ्लँज अंडाकृती दिसतो आणि चांगल्या मालावरही शंका येते.

उपाय सोपा आहे. जॉब फ्रेमच्या मधोमध घ्या, मोबाइल फ्लँजच्या तोंडाला समांतर धरा. ०.५एक्स लेन्स टाळा. तिच्यात कडेचे आकार ताणले जातात. त्यापेक्षा दोन पावले मागे जाऊन २एक्स वापरा. सेटिंगमधून ग्रिड सुरू करून टेबलाची कड आडव्या रेषेशी जुळवा.

शेडच्या फोटोत मात्र उलटे! तिथे कोपऱ्यात उभे राहा. छताचे ट्रस, मशीनच्या रांगा नजर आत ओढून नेतात.

जॉबच्या तोंडाच्याच पातळीत स्टीलपट्टी ठेवली, तर आकाराचा अंदाजही येतो.