ओल्या हाताने स्टार्टर नको!



रात्रपाळीची वीज आली की तुम्ही दारे धरायला जाता. पाय चिखलात, हात ओले. मोटार बंद पडली की त्याच हाताने स्टार्टर दाबता. कुणी हटकले तर म्हणता, "मागे एकदा झटका बसला होता, काही झाले नाही." हा भरवसाच घात करतो.

तेव्हा तुम्ही का वाचलात, ते ऐका. विजेला अडवण्याच्या गुणाला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. आपल्या अंगातला बहुतेक रोध कातडीच्या वरच्या कोरड्या थरात असतो. आतले रक्त-मांस खारट पाण्याचे, ते विजेला फारसे अडवीत नाही. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध १ लाख ओहमपर्यंत असू शकतो. हात भिजला की तो १ हजारापर्यंत उतरतो.

आता हिशेब करा. एका फेजचा दाब २३० व्होल्ट. कोरड्या अंगातून जेमतेम २ मिलिअँपिअर वीज जाते. मुंग्या येतात, एवढेच. ओल्या अंगातून २३० जाते, म्हणजे शंभरपट! साधारण १० च्या पुढे मूठ आवळते, तार सुटत नाही. ३० ला श्वास कोंडू शकतो. १०० च्या आसपास काळजाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. वीज तीच, फरक ओलाव्याचा.

"फ्यूज आहे ना?" असे म्हणू नका. ५ अँपिअरचा फ्यूज एवढ्याशा विजेने उडत नाही. तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही.

म्हणून एवढे कराच. स्टार्टरपाशी कोरडी फळी ठेवा, खुंटीला कोरडे फडके टांगा. हात पुसून, फळीवर उभे राहून, पायात रबरी बूट घालूनच बटण दाबा. मोटार व स्टार्टरच्या डब्याचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवा. कपडे वाळवायची तार विजेच्या वायरजवळ बांधू नका.

कुणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठीनेही शिवू नका. माणसे-जनावरे लांब ठेवा आणि वीज कचेरीला कळवा.

पाण्याची पाळी चुकली तर पुन्हा येते. घरचा माणूस गेला तर परत येत नाही.